आधी पंधरा मिनिटं, मग फोटो : मधुमेहींचे पाय थर्मल कॅमेऱ्याने तपासताना

थर्मल कॅमेरा हातात आला की पहिला फोटो जो तो आपल्या तळहाताचा काढतो आणि दुसरा चहाच्या कपाचा. मीही तेच केलं होतं. तिसरा फोटो पेशंटच्या पायाचा काढायच्या आधी मात्र जरा थांबा.

मी नाशकात मधुमेही पायांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून काम करते. आठवड्यातले काही दिवस दवाखान्यात, उरलेले शिबिरांत : निफाड, दिंडोरी, सिन्नर, कधी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत. दर काही महिन्यांनी नवीन मुलं शिकायला येतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहून काढलंय. आशाताई, नर्स, फिजिओथेरपीची मुलं, छोट्या दवाखान्यातले डॉक्टर, ज्यांच्या हातात नवा कॅमेरा पडलाय त्या सगळ्यांसाठी. घरी आईवडिलांना शुगर आहे आणि कॅमेरा वगैरे काही नाही, त्यांनी थेट शेवटचा भाग वाचला तरी चालेल.

कॅमेरा नक्की काय बघतो

प्रत्येक वस्तूतून तिच्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. कॅमेरा हे किरण टिपतो, त्यांचे आकडे करतो आणि आकड्यांना रंग देतो. पायाच्या बाबतीत ते तापमान फक्त कातडीच्या वरच्या थराचं असतं. आतलं हाड, शीर, पू यातलं काही त्याला दिसत नाही. शिबिरात लोक विचारतात, "ताई, यात नसा दिसतात का?" नाही दिसत. तसं सांगून मोकळं व्हायचं.

मग उपयोग काय? मधुमेह जुना झाला की बऱ्याच जणांच्या पायाच्या नसा बधिर होतात. चपलेत खडा गेलेला कळत नाही, कुरूप दुखत नाही, चवड्यावर रोज तोच दाब पडून आतली जागा चेचली जाते तरी माणूस चालतच राहतो. शरीर आपलं काम करत असतं. चेचलेल्या जागी रक्त वाढतं, सूज येते, ती जागा गरम होते. कातडी फाटून जखम दिसायच्या काही दिवस आधीपासून हे सुरू झालेलं असू शकतं. तेवढे दिवस आपल्या हाती लागावेत म्हणून हा सगळा खटाटोप.

बधिर पाय कसा सांभाळायचा हे मधुमेहाच्या डॉक्टरांनी बरंचसं कुष्ठरोगाकडून घेतलं. डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करायचे. बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नसल्यामुळे होणाऱ्या इजांनी जातात, हे त्यांनी ठासून मांडलं. पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करताना त्यांनी अशा पायांवरच्या गरम जागा शोधायला थर्मोग्राफी वापरली. आपण मधुमेहींना जी एमसीआर (मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल घालायला सांगतो, तीही कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतूनच इकडे आली. आता देशात मधुमेहीच १०.१ कोटींच्या घरात आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आलंय.

लक्षात ठेवायचा आकडा एकच : २.२. डाव्या आणि उजव्या पायाच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक असेल आणि तो लागोपाठ दोन दिवस टिकला, तर चालणं कमी करायचं आणि पाय जाणकाराला दाखवायचा. मधुमेही पायासाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या सूचनांत हाच आकडा आहे, आणि तो जखमेचा धोका मध्यम किंवा जास्त असलेल्यांनी घरी रोज पाय मोजण्यासाठी सांगितलाय. (मूळ आकडा फॅरनहाइटमधला चार आहे, म्हणून सेल्सिअसमध्ये असा तिरपागडा दिसतो.) शिबिरात माणूस एकदाच भेटतो, तिथे दोन दिवसांची अट पाळता येत नाही. म्हणून शिबिरातल्या फरकाला आम्ही "शंका" म्हणतो आणि पुन्हा मोजतो.

म्हणजे आपण एका पायाचं तापमान बघत नाही, दोन पाय एकमेकांशी ताडून बघतो. ही तुलना खरी ठरायची तर फोटोच्या आधीचा वेळ दोन्ही पायांनी सारखा घालवलेला असायला हवा. पुढचं सगळं यासाठीच आहे.

पहिलं काम : कॅमेरा ओळखीचा करून घ्या

फोनला जोडायचा छोटा कॅमेरा असो किंवा इलेक्ट्रिशियन पॅनेल तपासायला वापरतात तसला पिस्तुलासारखा, दोन्ही चालतात. खोक्यावर अचूकता बघा. बहुतेकांवर अधिक-उणे २ अंश असं काहीतरी लिहिलेलं असतं. पाहून दचकायला होतं, कारण आपल्याला शोधायचाय फरकच २.२ चा. पण ही चूक एका फोटोतल्या सगळ्या जागांना साधारण सारखीच लागू होते. पाय ३१ ऐवजी ३२ दाखवला तर दोन्ही ३२ च्या आसपास दाखवेल, वजाबाकी बिघडणार नाही. म्हणून दोन्ही पाय एकाच फोटोत हवेत. आधी डावा, मग उजवा असे दोन वेगळे फोटो काढून वजाबाकी करणारे लोक मी पाहिलेत. ते करू नका.

ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्याही बघा. ८० गुणिले ६० चा कॅमेरा असेल आणि दोन्ही पाय चौकटीत जेमतेम बसवले, तर एक ठिपका साधारण साडेचार मिलिमीटरचा पडतो. करंगळीवर मग तीनच ठिपके येतात, आणि तेवढ्यात काय मोजणार? १६० गुणिले १२० असेल तर बोटांबद्दल थोडंफार बोलता येतं. मला विचाराल तर त्याहून कमीचा पायांसाठी घेऊच नका.

कॅमेरा चालू करून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा. तो स्वतः तापून स्थिर व्हावा लागतो. मधेच आत "टिक" असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर गोठतं. ते बिघडलेलं नसतं, आतली झडप पडून कॅमेरा स्वतःला जुळवून घेत असतो. टिक झाल्यावर फोटो काढा. सेटिंगमध्ये एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो तो आकडा) असेल तर ०.९८ ठेवा, माणसाच्या कातडीसाठी तोच आकडा धरतात.

आता रंगांचं. इथे मी स्वतः आपटलेय, म्हणून सविस्तर सांगते.

कॅमेरा मुळात "ऑटो" वर असतो. चौकटीतली सगळ्यात थंड जागा तो निळी करतो, सगळ्यात गरम जागा पांढरी किंवा लाल, आणि मधले रंग त्या दोघांत ताणून बसवतो. चौकटीत २२ ते ३६ अंश असतील तर ठीक. पण पडदा, भिंत, पाय सगळं २९ ते ३१ मध्ये असेल तर अर्ध्या अंशाच्या फरकालाही तो भडक लाल रंग देतो. सुरुवातीच्या दिवसांत एका शिबिरात मी असाच एक लालभडक चवडा पाहिला, आकडे न वाचताच घाबरले, आणि द्राक्षाच्या ऐन हंगामात एका शेतकरीदादांना दुसऱ्या दिवशी तातडीने तपासणीला यायला लावलं. फरक होता ०.८ अंश. मजूर सोडून आलेला माणूस काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून मी रंगांची पट्टी कुलूपबंद करते : खाली २२, वर ३६. कॅमेऱ्यात ही सोय "लॉक" किंवा "मॅन्युअल" नावाने असते. जानेवारीत गरज पडली तर दोन्ही टोकं चार-चार अंश खाली सरकवा, पण एका दिवसाच्या सगळ्या पेशंटना पट्टी एकच. रंगाने नुसती नजर वळू द्या, ठरवायचं ते आकड्यावरून.

दुसरं काम : खोली

खोली २२ ते २५ अंशांच्या आसपास असावी. एसी असेल तर झोत पायांवर नको. पंखा बंद. उन्हाची तिरीप कुठून येत नाही ना ते बघा, एकाच पायावर ऊन पडलं तर सगळं मुसळ केरात.

आपल्याकडे खोलीचा प्रश्न हंगामानुसार बदलतो. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा सकाळी आठला शाळेच्या वर्गात शिबिर लावलं तर प्रत्येकाची दहाही बोटं काळीनिळी दिसतात. थंडीत शरीर बोटांचं रक्त आखडून घेतं, त्यात आजार काही नाही. असं शिबिर अकरा वाजता सुरू करा आणि आयोजकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन आठलाच ठरलेलं असतं. मे महिन्यात उलटं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंश असतील तर पाय आणि हवा यांत फरकच उरत नाही, फोटो सपाट येतो. तेव्हा ग्रामपंचायतीच्या स्लॅबच्या खोलीसाठी हट्ट धरायचा. तीही नाही मिळाली तर त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि नुसते डोळे, हात आणि मोनोफिलामेंट (पाय बधिर आहे का ते बघायचा तंतू) यांवर तपासणी करा. तीही चांगली तपासणी आहे, कमीपणा नाही.

तिसरं काम : पंधरा मिनिटं

पेशंटला चप्पल-मोजे काढून खुर्चीत बसवा. पाय समोरच्या स्टुलावर, तळवे मोकळे हवेत, एकमेकांना न चिकटता. फरशीवर पाय टेकवू देऊ नका, कोटा किंवा टाइल्सची फरशी उष्णता ओढून घेते आणि तळव्यावर नेमका टेकलेल्या जागेचा थंड ठसा उमटतो. पंधरा मिनिटं अशीच. घाईत दहा. त्याच्या खाली नाही.

या वेळात विचारायचे प्रश्न आहेत, आणि माझ्या मते अर्धी तपासणी इथेच होते.

आलात कशाने? मोटारसायकलवरून आलेल्या माणसाचा उजवा पाय सायलेन्सरच्या बाजूला असतो. ओझरहून नाशिकपर्यंत गाडी मारून आलेल्याचा उजवा घोटा आणि पावलाची आतली बाजू गरम दिसली तर नवल नाही. त्याला वीस मिनिटं बसवा.

येण्याआधी पायाला काही लावलं का? तेल, मलम, भेगांवर कोकम तेल. घरी कोणी काशाच्या वाटीने तळवे घासून दिलेत का? घासलेला तळवा चांगला तापतो आणि बराच वेळ तसा राहतो. सकाळी पाय शेकले का, गरम पाण्यात बुडवले का? हे विचारताना आवाज साधा ठेवा. आपण ओरडणार असं वाटलं की लोक "नाही" म्हणतात. आणि बधिर पायाने शेकोटीजवळ बसणं, गरम पाण्याची पिशवी तळव्याला लावणं हे थंडीतल्या भाजल्याचं ठरलेलं कारण आहे, त्यामुळे उत्तर "हो" आलं तर तळवा फोडांसाठी नीट बघा.

तंबाखू, बिडी, गरम चहा आत्ता घेतला का? तंबाखूने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. शिबिरात चहा येतोच, त्याला इलाज नाही. फोटोनंतर द्या म्हणावं.

आणि हा प्रश्न विचारायचा नसतो, बघायचा असतो : माणूस बसला कसा होता? निफाडकडच्या एका शिबिरात एका आजींच्या डाव्या तळव्यावर उजव्यापेक्षा तीन अंशांहून जास्त उष्णता दिसली, टाचेपासून चवड्यापर्यंत सलग. जखम नाही, सूज नाही, लाली नाही. मी डॉक्टरांना हाक मारायला वळले तर आजी खुर्चीवरून उतरून पुन्हा सतरंजीवर, सुनेशेजारी, मांडी घालून बसल्या. डावं पाऊल उजव्या मांडीखाली. रांगेत त्या तासभर तशाच बसल्या होत्या, आणि घाईत मी त्यांना पाच मिनिटांत फोटोला घेतलं होतं. पुन्हा खुर्चीत बसवून पाय पंधरा मिनिटं मोकळे ठेवले तेव्हा फरक ०.४ वर आला. आपली माणसं मांडी घालूनच बसतात. रांगेसाठी खुर्च्या मागवा.

चौथं काम : कॅमेऱ्याआधी डोळे, नंतर हात

नवशिकी मुलं हे वगळतात म्हणून सांगते. पंधरा मिनिटं झाली की आधी पाय नुसता बघा, हात लावू नका, तुमच्या हाताची ऊब लगेच फोटोत उतरते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का, नखुरडं आहे का, टाचेच्या भेगांतून रक्त किंवा पाणी येतंय का, कुरूप किंवा घट्टा कुठे आहे, घट्ट्याच्या आत काळपट-तांबूस ठिपका दिसतो का. असा ठिपका म्हणजे आत रक्त साकळलेलं असू शकतं. बोटं वाकडी झालीत का? एक पाऊल दुसऱ्यापेक्षा सुजलेलं वाटतं का?

उघडी जखम, घाण वास, काळं पडलेलं बोट, पायाबरोबर ताप आणि थंडी वाजणं, यातलं काही दिसलं तर फोटोची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर.

हाताची तपासणी फोटो झाल्यावर : दोन्ही पावलांची नाडी, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, कंप जाणवतो का ते बघायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. मोनोफिलामेंट नायलॉनचा तंतू आहे, वाकेपर्यंत दाबायचा, घट्ट्यावर टेकवायचा नाही, आणि पेशंटला डोळे मिटून "लागतंय का" हे सांगायला लावायचं. ज्याला तो कळत नाही त्याच्याच फोटोला खरा अर्थ आहे. पाय उत्तम जाणवणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या फोटोत फरक निघाला तर पहिला संशय काल खेळलेल्या क्रिकेटवर.

पाचवं काम : फोटो

दोन्ही तळवे समोर, घोटे सरळ, बोटं वर. पायांच्या मागे एक काळं कापड किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा म्हणजे पोटऱ्यांची आणि अंगाची ऊब चित्रात मिसळत नाही. आम्ही थर्माकोलला दोन खाचा पाडल्यात, घोटे त्यात बसतात. कॅमेरा तळव्यांच्या अगदी समोर, तिरका नाही, साधारण अर्धा ते एक मीटर अंतरावर, रोज तेच अंतर. फरशीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा.

जोडवी काढता येत असतील तर काढायला सांगा, पण आग्रह नको. बऱ्याच बायका काढणार नाहीत, आणि कित्येकींची निघतही नाहीत. चांदी स्वतःची उष्णता फारशी दाखवत नाही, समोरच्याच वस्तूंची परावर्तित करते, त्यामुळे त्या बोटावर एक खोटी थंड पट्टी दिसते. ती पट्टी सोडून मोजा आणि वहीत "जोडवी" असं लिहा.

दुसरा फोटो पावलांच्या वरच्या बाजूचा. तिसरा साध्या कॅमेऱ्याने, त्याच कोनातून. थर्मल चित्रात गरम ठिपका दिसला आणि तो नेमका कशावर आहे, घट्ट्यावर, भेगेवर की नुसत्या कातडीवर, हे साध्या फोटोशिवाय घरी गेल्यावर आठवत नाही.

सहावं काम : वाचणं

दोन्ही पायांच्या सहा जागा धरा : अंगठा, चवड्यावर अंगठ्याखालची, मधल्या बोटाखालची आणि करंगळीखालची गादी, तळव्याचा मधला बाहेरचा भाग, टाच. प्रत्येक जागेवर छोटा गोल टाकून सरासरी घ्या, एकाच ठिपक्याचा आकडा घेऊ नका. वजाबाकी वहीत.

निरोगी तळव्यांचं चित्र बघून बघून डोळ्यात बसवा. मधली कमान सगळ्यात गरम, तिथून बाहेर जाल तसं थंड, बोटांची टोकं सर्वांत थंड. दोन्ही पाय जवळ असले की फुलपाखरासारखं दिसतं. घरातल्या, शेजारच्या, ऑफिसातल्या तीस-चाळीस जणांचे पाय असे काढा. मग बिघाड आपोआप डोळ्यांत खुपतो.

एकाच जागी ठिपक्यासारखी उष्णता हा सगळ्यात उपयोगी सापडणारा प्रकार. सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारे गृहस्थ होते, पन्नाशीचे, शुगर बारा-तेरा वर्षांची. उजव्या अंगठ्याखालची गादी डावीपेक्षा ३.१ अंशांनी गरम. वर घट्टा, बाकी काही नाही, "दुखत नाही हो ताई." अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं, ३ च्या आसपासच. मग त्यांचा सेफ्टी शू मागवला आणि मी आत हात घातला. लोखंडाची एक चिप खालून तळ भेदून आत आली होती, नखाएवढी, बरोबर त्या जागी. किती दिवस ते त्यांनाही सांगता येईना. डॉक्टरांनी घट्टा तासला तेव्हा खाली पाणी आणि रक्त साकळलेलं होतं, जखम उघडायची बाकी होती. फोटोत ठिपका दिसला की बुटात हात घाला. डोळ्यांनी बघून भागत नाही, आतून हात फिरवा.

सबंध पाऊल गरम, सुजलेलं, दुखणं जेमतेम, आणि ताप नाही, असं असेल तर शार्को पायाची शंका घ्या. बधिर पायातली हाडं-सांधे खचायला लागलेले असतात, आणि सुरुवातीला एक्स-रे चक्क नॉर्मल येऊ शकतो. हा माणूस "मुरगळलाय" म्हणून मलम लावत हिंडत असतो. त्याला चालवत परत पाठवू नका. खुर्चीत बसवा, गाडी मागवा, त्याच दिवशी मधुमेही पायाच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे. उपचारात पायाला प्लास्टर लागतं, महिनोन्महिने, आणि प्लास्टर कधी काढायचं हे ठरवतानाही दोन पायांतला फरक मोजतात. अशीच उष्णता जंतुसंसर्गाने, गाऊटने, पोटरीतल्या शिरेत गुठळी झाल्यानेही येते. कोणतं काय हे ठरवणं डॉक्टरांचं काम. तंत्रज्ञाने फोटोवर आजाराचं नाव लिहू नये.

आता थंड पाय. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा बरंच थंड असेल तर रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो. नाडी बघा, डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र) असेल तर घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढा. ०.९ पेक्षा कमी म्हणजे रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं धरतात. मधुमेहात वाहिन्यांच्या भिंती चुना साचून कडक होतात आणि तो आकडा खोटा जास्तही येतो, हे लक्षात असू द्या. पाय अचानक थंड, पांढराफटक आणि दुखरा झाला असेल तर तासांचा मामला आहे, थेट मोठ्या रुग्णालयात.

सर्वांत घातक फोटो चांगला दिसणारा. दोन्ही पायांना सारखाच त्रास असेल तर वजाबाकी शून्य येते. रक्तपुरवठाच कमी असेल तर आत संसर्ग असूनही पाय तापत नाही. म्हणून "फोटो नॉर्मल आलाय, काळजी नको" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. फोटोत फरक दिसला नाही, एवढंच सांगा आणि बाकीच्या तपासण्या पूर्ण करा. एका पायाचं बोट किंवा पाऊल आधीच काढलेलं असेल तर समोरची जागाच नसते. तेव्हा त्याच पायाच्या शेजारच्या जागांशी ताडा आणि चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहा.

नोंदीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान, किती मिनिटं बसवलं आणि सहा वजाबाक्या एवढं आलं की पुरे. फोटोवर नाव टाकू नका, नंबर टाका. शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाय फिरवू नका.

घरच्यांसाठी

घरात थर्मल कॅमेरा लागत नाही. कोरोनाच्या काळात घेतलेली ताप मोजायची पिस्तुलं कपाटात पडून आहेत, त्यातली बरीच चालतात. फक्त त्यावरचं बटण "बॉडी" वरून "सरफेस" वर न्या. बॉडीवर ती कपाळासाठी आकडा फिरवून दाखवतात आणि पायासारख्या थंड जागेला नुसतं "लो" म्हणतात. रोज एकाच वेळी, पांघरुणातून पाय बाहेर काढून दहा मिनिटं झाल्यावर, वरच्या त्या सहा जागा. डाव्या-उजव्या पायाच्या आकड्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून कागदावर दोन पावलं काढून भिंतीला लावा आणि आकडे तिथेच लिहा. २.२ च्या वर फरक दोन दिवस टिकला तर चालणं कमी करा आणि पाय दाखवा. पिस्तूलही नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी तरी हाताची मागची बाजू आधी एका, मग दुसऱ्या तळव्याला लावून बघावी. तो फरक जाणवण्याइतका असेल तर दाखवावाच. स्वतः मधुमेहीने आपल्या हाताने बघू नये, हातही बधिर असू शकतो.

तळव्याला खोबरेल लावा, बोटांच्या बेचक्यांत नको. कुरूप ब्लेडने कापू नका, कुरुपाच्या पट्ट्याही नकोत, त्यातल्या आम्लाने चांगली कातडी जळते.

आणि नाशिककरांना वेगळं सांगावं लागतं ते अनवाणी चालण्याचं. चैत्रात सप्तशृंगीला खानदेशातून पायी येणारे, श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करणारे, रामकुंडावर दुपारच्या तापल्या फरशीवरून जाणारे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, घरोघरी पाहुणे आणि स्नानं ठरतायत. पाय बधिर असतील तर अनवाणी चालायचा नवस बोलू नका, बोलला असेल तर घरातल्या दुसऱ्याने फेडावा. चप्पल देवळाच्या दारातच काढायची, दर्शनाची वेळ सकाळची धरायची. परत आल्यावर त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस सकाळी तळवे उजेडात बघा आणि सहा जागा मोजा. यात्रेचा फोड बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सापडतो.